माइकच्या पाठीमागची माणसं

संगीत मंडळाच्या मैफिली रेकॉर्ड करणाऱ्या माणसाला टिपकागद हे नाव मंडळाच्या चिटणिसांनी ठेवलं आणि ते असं चिकटलं, की एकदा विजेचं बिलसुद्धा त्याच नावाने आलं आणि त्याने ते निमूट भरलं. सांडलेली शाई टिपकागद जशी गपकन पिऊन टाकतो, तसा हा सभागृहातला आवाज न् आवाज पिऊन टाकायचा. त्याच्या कानांविषयी मंडळात ज्या गोष्टी सांगत, त्या ऐकायलाही वेगळे कान लागत. एकदा म्हणे तालीम चालू असताना त्याने हात वर करून सगळं थांबवलं आणि डाव्या बाजूचा पडदा उतरवायला लावला. पडद्याला कसर लागली होती, आणि ती लयीत खात नव्हती. आणखी एका संध्याकाळी दुसऱ्या रांगेतल्या एका गृहस्थांना त्याने अगदी नम्रपणे घरी जायला सांगितलं, कारण त्यांच्या पोटात जे गुरगुरत होतं ते पियानोच्या खालच्या सुरांशी जुळत नव्हतं. ते गृहस्थ अजूनही मंडळाच्या दारावरून जाताना तोंड फिरवतात, तेव्हा गोष्ट खरीच असली पाहिजे.

असे कान असले की मान मिळतो, माणूस मिळत नाही. एकदा त्याचं लग्न जमत आलं होतं. मुलगी गुणी होती, बोलायला गोड होती, पण चहाचा घोट घेतला की तिच्या घशात बारीकसं ‘टक्’ वाजायचं. जन्मभर ते टक् ऐकायचं, या विचाराने त्याची झोप उडाली आणि शेवटी त्याने नकार कळवला. पुढे तिने बँकेतल्या एका माणसाशी लग्न केलं. त्याला ते टक् आजतागायत ऐकू आलेलं नाही. दोघं सुखात आहेत. टिपकागद दोन खोल्यांत एकटा राहिला. खिडक्यांच्या फटींत रबराच्या पट्ट्या, फ्रिजच्या पायांखाली जुन्या चपलांचे तुकडे, आणि भिंतीवर मुद्दाम बंद ठेवलेलं घड्याळ, कारण त्याची टिकटिक शेजारच्या खोलीतूनही टोचायची. वेळ विचारायला कोणी येणारही नव्हतं.

घरातली माणसं म्हणजे त्याचे माइक. कपाटात मखमलीच्या डब्यांतून ते निजलेले असत, आणि प्रत्येकाशी त्याने नातं जोडलेलं होतं. सगळ्यांत जुना, आत धातूची कागदाहून पातळ पट्टी असलेला, नुसती फुंकर लागली तरी रुसणारा माइक म्हणजे आत्याबाई. आत्याबाई पुढचं ऐकणार, मागचं ऐकणार. पण बाजूला उभं राहून कोणी बोंबललं, तर तो माणूस त्यांच्या लेखी मेलेलाच. मग एकसारखे दिसणारे, चहूबाजूंनी ऐकणारे दोन माइक होते, त्या थोरली आणि धाकटी जाऊ. त्यांना कुठल्याही कोपऱ्यात उभं करा, घरात कोण कोणाला काय म्हणालं ते त्यांच्या कानावर पोचणारच. वाद्य, खुर्च्या, खोकले, छत, रस्त्यावरचा हॉर्न, काही म्हणून सुटायचं नाही. आणि टिपकागदाचा जीव होता तो जावईबापूंच्या जोडीवर. जावईबापू आपल्या ताटात काय वाढलंय तेवढंच बघणार. पाठीमागे कोण उपाशी आहे, कोण रडतंय, याच्याशी त्यांना कर्तव्य नाही. वाद्याच्या पुढ्यात, श्रोत्यांकडे पाठ करून त्यांना बसवलं, की येणारा सूर धुतल्या तांदळासारखा यायचा.

त्याचं यंत्र दोनच माइक घेई. हल्लीचे लोक डझनभर माइक लावतात आणि घरी गेल्यावर ठरवतात, की यातलं कोणाचं ऐकायचं. टिपकागदाला हे म्हणजे दहा घरी जेवणाचं सांगून ठेवण्यासारखं वाटे. दोन कानांना जे ऐकू येत नाही ते ऐकण्याच्या लायकीचं नाही, असं त्याचं म्हणणं. त्यामुळे दर मैफिलीला निवड करावी लागे. दुपारी रिकाम्या सभागृहाच्या मध्यभागी उभा राहून तो एकच टाळी वाजवी, ती विझेपर्यंत डोळे मिटून थांबे आणि मग ठरवी, आज कोण जाणार. बहुतेक वेळा जावईबापूच जात.

रक्ताच्या नात्यातलं त्याला एकच माणूस उरलं होतं, ते म्हणजे ताई. ताई व्हायोलिन वाजवायची, आणि अशी वाजवायची की लोक पायऱ्यांवर, दारात, खिडकीच्या कट्ट्यावर बसायचे. एका मैफिलीला इतकी दाटी झाली, की एका माणसाने रुमाल काढून भलत्याच माणसाचा घाम पुसला आणि दोघांच्याही ते लक्षात आलं नाही. तिनेही लग्न केलं नव्हतं. कोणी विचारलंच तर म्हणायची, हनुवटीखाली एक आहे, तेवढा पुरे. शहराच्या दुसऱ्या टोकाला एका इमारतीत ती वरच्या मजल्यावर राहायची. तिच्या बरोबर खाली एका दंतवैद्यांचा दवाखाना होता. तिच्या सगळ्या मैफिली टिपकागदाने रेकॉर्ड केलेल्या होत्या, आणि त्या सगळ्या तिच्या कपाटात ओळीने उभ्या होत्या.

आता तिची बोटं धरायला लागली होती. डोळ्यांवरही सारा, धुरकट पडद्यासारखा, आला होता. समोरचं माणूस तिला आवाजावरून ओळखावं लागे. डॉक्टर म्हणाले, आणखी एखादी मैफल करा हवी तर, पण मग पुरे. मंडळाने तारीख ठरवली आणि ताईने हो म्हटलं.

त्याच सुमारास एका रविवारी दुपारी टिपकागद तिच्याकडे गेला, तेव्हा ती खुर्चीत पाय वर घेऊन ती घाम पुसण्याची मैफल ऐकत होती. शेवटचा सूर आला, लांबला, विरत गेला, आणि तो विरतोय तोवर तोंडावर कोणी हात ठेवावा तसं सगळं गप्प झालं.

“लोक कुठे गेले रे?” ताईने विचारलं.

“कापले.”

“सगळे?”

“खोकतात गं. खुर्च्या करकरवतात. पर्सचे चाप वाजवतात. तुझ्या शेवटच्या सुरावर एक जण ‘वा’ म्हणून बोंबलला होता, म्हशीसारखा. त्यालाही कापला.”

“तो बोंबलला म्हणून मी दुसऱ्या दिवशी पुन्हा व्हायोलिन हातात घेतलं होतं, टिप्या,” ताई म्हणाली.

मग तिने जे सांगितलं ते हसत हसत सांगितलं, पण टिपकागदाच्या कानाला हसण्याच्या तळाशी काय आहे तेही ऐकू येई. आता तिला वाजवता येणार नव्हतं, ऐकताच येणार होतं. म्हणून तिने कपाटातलं एकेक काढून ऐकायला सुरुवात केली, आणि ऐकता ऐकता तिला वाटायला लागलं, की आपण सगळा जन्म एका बंद कपाटात बसून वाजवलं की काय. इतकी माणसं आली, गेली, रडली, डुलक्या घेतल्या, आणि एकाचाही श्वास म्हणून कुठे राहिला नाही. या वेळी, एवढ्या शेवटच्या वेळी, तिला मैफल माणसांसकट हवी होती.

टिपकागदाला हे म्हणजे कोणी खड्यांसकट भात मागावा तसं वाटलं. पण ताईने त्याच्याकडे आजवर काही मागितलं नव्हतं. त्याने कबूल केलं.

मैफिलीच्या दिवशी दुपारी त्याने सभागृहात आपली टाळी वाजवली, डोळे मिटले, आणि सवयीने हात जावईबापूंच्या डब्याकडे गेला तो त्याने मागे घेतला. दोन्ही जावांना उंच स्टँडवर चढवलं आणि मंचापासून लांब, पहिल्या रांगेच्याही पुढे मोकळ्या जागेत, एकमेकींपासून हातभर अंतरावर उभं केलं. हेडफोन लावून पाहिलं. झाडूवाली मागच्या रांगेत झाडत होती, तिच्या बांगड्या आल्या. बाहेर कोणी सायकल लावली, ती आली. त्याला आधी शिसारी आली, मग हळूहळू बरं वाटायला लागलं, जसं गर्दीच्या घरात पाहुणा म्हणून गेल्यावर वाटतं. ताई तालमीला आली तेव्हा तिने मंचावर माइकच्या नेहमीच्या जागी हात फिरवला, हाताला काही लागलं नाही, तशी म्हणाली, जावांना किती लांब उभ्या केल्यास रे, आता त्यांना सगळं ऐकू जाईल.

पण त्याच संध्याकाळी शहराचा फुटबॉलचा संघ अंतिम सामना खेळणार होता. हा संघ मागे कधी जिंकला होता ते ज्यांनी पाहिलं, त्यांच्या कवळ्यासुद्धा आता म्हाताऱ्या झाल्या होत्या. तारीख धरताना कोणीतरी हे चिटणिसांच्या कानावर घातलं होतं. खरे रसिक सामने बघत नाहीत, असं त्यांनी छातीठोकपणे सांगितलं. आणि त्या संध्याकाळी ते स्वतः दाराशी उभे होते, ते कोटाच्या खिशात चालू ट्रान्झिस्टर घेऊन.

वेळ झाली. मंचाशेजारच्या छोट्या खोलीत यंत्रासमोर बसून टिपकागदाने हेडफोन चढवले. दाराच्या फटीतून त्याने बाहेर पाहिलं. तीनशे खुर्च्या आणि त्यांत अकरा माणसं, तीही एकमेकांपासून लांब लांब, कपडे काढून नेल्यावर दोरीवर उरलेल्या चिमट्यांसारखी. रिकाम्या खुर्च्या तर त्याने पुष्कळ पाहिल्या होत्या. आता दोघी जावा त्याला त्या ऐकवत होत्या, आणि जावा कधी खोटं बोलत नाहीत. कोणीतरी खोकलं. तो खोकला छतापर्यंत गेला, तिथे कोणी भेटलं नाही म्हणून एकटाच परत आला. विहिरीत दगड टाकावा तसं ते सभागृह घुमत होतं.

हे ताई ऐकणार. उरलेल्या आयुष्यात रोज, त्या खुर्चीत पाय वर घेऊन, हीच पोकळी ऐकणार. तिने माणसं मागितली होती आणि माणसं आलीच नव्हती. मग तिच्या पदरात काय टाकायचं, विहीर? मंचावर दिव्यांचा झोत असतो, त्यात तिच्या डोळ्यांना सारा. तिच्या दृष्टीने समोर नुसता अंधार आहे. त्या अंधारात किती जण आहेत हे तिला कोणी सांगितलं नाही, तर कळणार कसं?

तो उठला. धावतच जाऊन त्याने जावांना खाली उतरवलं आणि जावईबापूंना मंचावर, व्हायोलिनच्या अगदी पुढ्यात, सभागृहाकडे पाठ करून बसवलं. पियानोवाला सर्दीने बेजार होता. नाकाला रुमाल लावून तो हा सगळा उद्योग बघत राहिला. ताई पडद्याआड उभी होती. लांबच्या माइकमध्ये दिव्यांची घूं येतेय, जवळचे लावतोय, असं टिपकागदाने तिला सांगितलं. तिने फक्त विचारलं, लोक आलेत ना? बरेच आलेत, तो म्हणाला.

ताईने वाजवलं. दोन ठिकाणी बोट घसरलं, एका ठिकाणी तिने सूर लागायच्या आधी जरा वाट पाहिली. पण जे वाजलं ते आजवर वाजलेल्यापेक्षा निराळं होतं, सगळी आवराआवर झाल्यावर घरात कोणीतरी नुसतं बसून राहावं तसं. हेडफोनमध्ये व्हायोलिन इतकं जवळ होतं, की टिपकागदाला वाटलं आपणच तिच्या हनुवटीखाली आहोत. विहीर नव्हती, छत नव्हतं, कोणी नव्हतं. त्याने डोळे मिटून घेतले. शेवटचा सूर संपल्यावर टाळ्या झाल्या असाव्यात, पण त्याला वाटलं कोणी लांब कुठेतरी चादर झटकतंय.

नंतर ताईला जपून जिन्याखाली नेणं, तिचं व्हायोलिन सांभाळणं, टॅक्सी शोधणं, यात त्याची तारांबळ उडाली. रस्ते मोकळे होते. संघ हरला होता. ताई टॅक्सीत बसली आणि गेली. तो परत वर आला तेव्हा यंत्र चालूच होतं. त्याच्या आयुष्यात असं कधी झालं नव्हतं.

घरी त्याने मागचं-पुढचं सगळं कापलं, पियानोवाल्याची दोन शिंकांची तुतारी कापली, आणि डिस्क करून पुढच्या रविवारी ताईकडे नेली. आपण फार चांगलं केलं असं त्याला वाटत होतं. ती ऐकत असताना तो तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. शेवटचा सूर विरला आणि तोंडावर हात ठेवल्यासारखं गप्प झालं.

“रिकामं होतं ना सभागृह,” ताई म्हणाली.

टिपकागदाने काहीतरी सांगायला सुरुवात केली.

“पहिल्याच सुराला कळलं मला. भरलेलं घर सूर पिऊन टाकतं. त्या दिवशी मी पाठवला तो प्रत्येक सूर पत्ता न सापडल्यासारखा परत येत होता. मी काय आज वाजवायला लागलेय होय?”

तो म्हणाला, म्हणूनच तर. ती विहीर तुला रोज ऐकायला लागू नये म्हणून माइक बदलले.

“अरे, पण अकरा जण होते. एवढा सामना सोडून आले होते. दहा जण नंतर पडद्याआड आले, माझा हात हातात घेऊन गेले. चिटणीस म्हणाले, अकरावा कोणाला न भेटता निघून गेला, चेहरा त्यांनाही दिसला नाही. ते कानाला ट्रान्झिस्टर लावून बसले होते. मला वाटलं, राहू दे, टिप्याने त्याला पकडलं असेल. खोकला तरी असेल, हलला तरी असेल.” तिने डिस्क काढून त्याच्या हातात दिली. “तू विहीर दिसू नये म्हणून पाणीसुद्धा झाकून टाकलंस.”

ती रागावली असती तर बरं झालं असतं. राग त्याला ओळखीचा होता, त्यावर उलट बोलता येतं. ती नुसती उठली आणि चहा टाकायला गेली, आणि आत भांड्याला भांडं लागलं नाही, इतक्या हळू.

घरी येऊन तो आपल्या दोन खोल्यांत बसला. रबराच्या पट्ट्यांनी रस्ता बाहेर ठेवला होता. घड्याळ बंद होतं. कान कितीही ताणले तरी त्याला स्वतःच्या छातीखेरीज काही ऐकू येईना. चार भिंतींच्या आत येणाऱ्या प्रत्येक आवाजाकडे आपण पाठ करून बसलोय, हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं, आणि जाणवलं ते सांगायलाही आसपास कोणी नव्हतं.

मग त्याच्या डोक्यात आलं, की जावईबापूंची पाठ म्हणजे काही दगडी भिंत नव्हे. अशा माइकला मागचं ऐकू येत नाही असं नाही. फार कमी येतं, गोधडीत तोंड घालून बोलल्यासारखं. आणि कापण्याआधीचं मूळ रेकॉर्डिंग त्याने पुसलेलं नव्हतं. त्याने ते लावलं, आवाज वाढवला, आणखी वाढवला, यंत्राचा काटा लाल पट्टीत गेला. नळाला पाणी यायच्या आधी हवा येते तसा मोठा फस्स आवाज खोलीभर झाला, आणि त्या फस्समध्ये, फार आत, कोणाची तरी खुर्ची करकरली.

त्याने तिथेच बंद केलं. पुढचं त्याला एकट्याने ऐकायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो यंत्र पाठीवर आणि घरातले मोठे दोन स्पीकर दोन्ही काखांत घेऊन बसमध्ये चढला. कंडक्टरने स्पीकरांचं तिकीट काढायला लावलं आणि वर म्हणाला, काढलंय तर आता बसवा त्यांना सीटवर. टिपकागदाने बसवलं.

ताईला त्याने काही समजावलं नाही. स्पीकर तिच्या खुर्चीसमोर मांडले, मूळ रेकॉर्डिंग लावलं आणि आवाज चढवला. व्हायोलिन असेल तिथे तो पटकन खाली करी, ते थांबलं की पुन्हा वर. मधल्या जागांत, सुरांच्या आधी आणि नंतर, फस्स आवाजाच्या आड दोघं कान लावून बसले, दाराला लहान मुलं लावतात तसे. बराच वेळ काही नाही. मग एक खोकला, कोरडा, तीनदा.

“औषधवाला,” ताई लगेच म्हणाली. “दुकानात सगळ्यांना खोकल्याचं औषध विकतो, स्वतः घेत नाही. त्याला माहीत असणार ना, आत काय असतं ते.”

मग काठी पडली, ती ताईच्या जुन्या वर्गमैत्रिणीची. ती काठी दर मैफिलीला एकदा पाडल्याशिवाय घरी जात नाही. मग गोळीच्या कागदाचा चुरचुर आवाज, किती तरी वेळ. इतका हळू काढला की जास्तच वाजला. ती शाळेतली बाई. एका ठिकाणी कोणीतरी घोरलं. ताई हे ऐकून इतकी हसली की तिला डोळे पुसावे लागले. तिचा डॉक्टर होता तो, पुढच्या आठवड्यात भेटतेच त्याला, म्हणाली. एकेक माणूस गोधडीतून डोकं बाहेर काढत होतं. दहा झाले.

अकरावा काही केल्या सापडेना. टिपकागदाने आवाज अजून चढवला. फस्स आवाजाने कपाटाच्या काचा थरथरायला लागल्या, आणि तेवढ्यात दार वाजलं. खालचे दंतवैद्य होते, पांढऱ्या डगल्यात, हातात आरसा तसाच.

“अहो, काय लावलंय काय? खाली माझा पेशंट तोंड उघडून बसलाय आणि त्याला वाटतंय मी ड्रिल चालू केलं. मी अजून हात धुतोय.”

ताईने त्यांना श्रोते ऐकतोय, म्हणून सांगितलं आणि खुर्ची पुढे केली. दंतवैद्य काही बसले नाहीत, पण सवयीने वाकून उभे राहिले. स्पीकरमधून शेवटचा सूर आला, विरला, आणि लांब कुठेतरी चादर झटकल्यासारख्या टाळ्या झाल्या. ओसरल्या. टिपकागदाचा हात बटणाकडे गेला.

“थांबा, एक जण अजून वाजवतोय की,” दंतवैद्य म्हणाले.

खरंच. दहा जणांचे हात थांबल्यावर एक जण वाजवतच होता. मोठ्याने नाही, भराभर नाही. फस्स आवाजाच्या पार तळाशी, अगदी मागच्या रांगेतून, सावकाश, एकेक. ताई पुढे सरकली. तिचा हात टिपकागदाच्या मनगटावर आला. त्या टाळ्या कितीतरी वेळ चालल्या, इतक्या की दंतवैद्यांनाही त्यांच्या पेशंटचं तोंड विसरायला झालं. मग थांबल्या. एकट्याची पावलं, दार, मागोमाग बाकीच्यांच्या खुर्च्या आणि पावलं, आणि मग काही नाही.

“तुम्ही नव्हता ना?” ताईने दंतवैद्यांना विचारलं.

त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं, की ते सामना बघत होते आणि आता त्यांना वाटतंय की नसता बघितला तर बरं. मग खालून पेशंटने पोकळ तोंडाने हाक मारली आणि ते जिना उतरून गेले.

“कोण असेल रे?” ताई म्हणाली.

“मला दिसलं नाही. मी हेडफोन लावून आत बसलो होतो, डोळे मिटून.”

ताईने मान हलवली. यंत्र चालूच होतं. रिकाम्या सभागृहाचा फस्स आवाज खोलीत भरून राहिला होता, आणि तो बंद करावा असं दोघांनाही वाटलं नाही. खाली कुठेतरी खरं ड्रिल सुरू झालं. बराच वेळ गेल्यावर स्पीकरमधून पुन्हा पावलं आली, पण ही पावलं मागच्या रांगेतली नव्हती. ही समोरून आली, मंचावरून, जवळ, अगदी जवळ, इतकी मोठी की टिपकागदाने दचकून आवाज खाली केला. पावलं माइकपुढे थांबली. माइक काढल्याचा आवाज झाला नाही. कोणीतरी नुसतं उभं होतं आणि श्वास घेत होतं. नाक एकदा ओढलं. पुन्हा श्वास. आणि हे जावईबापूंच्या अगदी पुढ्यात, म्हणून धुतल्या तांदळासारखं स्वच्छ.

“आणि हा बारावा कोण?” ताईने विचारलं.

“मी. तुला टॅक्सीत बसवून वर आलो, तेव्हाचा.”

स्पीकरमध्ये तो अजून उभाच होता. ताईने मान कलती करून ऐकलं, सूर लावताना करायची तशी, आणि त्याचं मनगट न सोडता म्हणाली, “मग जरा आधी यायचं होतंस.”